सोनकांबळे सरांचं परराष्ट्रधोरण

सोनकांबळे सर लिफ्टमध्ये शिरले की आपल्या मजल्याचं बटण कधीच दाबायचे नाहीत. राहायचे तिसऱ्या मजल्यावर. पण कधी चौथा दाबून एक मजला खाली उतरायचे, कधी पहिला दाबून दोन मजले चढायचे. तेही गुडघे दुखत असताना. एकदा मी विचारलं, "सर, हा काय उपद्व्याप?" तर म्हणाले, "मी कुठे राहतो ते सगळ्यांना ठाऊक आहे, सेक्रेटरीसाहेब. मी कुठे उतरणार ते कुणाला ठाऊक असू नये."

त्यांचं हे वाक्य सांगून मी पुष्कळ ठिकाणी लोकांना हसवलं आहे. आज हसवण्यासाठी सांगत नाही. हैदराबादेत नल्लकुंट्यातल्या आमच्या इमारतीच्या सभावहीत सरांविषयी एक नोंद आहे. ती माझ्या हस्ताक्षरात आहे आणि ती खोटी आहे. माझं वय आता एकोणऐंशी. ती वही माझ्यानंतर कुणी उघडेल न उघडेल, पण उघडलीच तर तिच्या शेजारी हेही असावं, म्हणून लिहितो आहे.

सर मूळचे उदगीरकडचे. हैदराबादेत एका कॉलेजात आयुष्यभर आंतरराष्ट्रीय राजकारण शिकवलं. शिकवण्याचा त्यांचा आवडता विषय म्हणजे मुद्दाम केलेली अनिश्चितता. एखाद्या देशाचा प्रमुख सकाळी एक बोलतो, दुपारी उलट बोलतो, संध्याकाळी दोन्ही नाकारतो. लोक म्हणतात डोकं फिरलंय. सर म्हणायचे, "फिरलेलं नाही, फिरवलेलं आहे. समोरच्याला तुमचा अंदाज आला, की तो तुम्हाला गृहीत धरतो. अंदाज आला नाही, की तो चार पावलं लांब उभा राहतो." हल्ली टीव्हीवर रोज रात्रीच्या बातम्यांत कुणी ना कुणी हेच समजावून सांगत असतं. आम्हाला ते सरांनी इमारतीखालच्या बाकावर बसून आधीच शिकवलं होतं.

निवृत्त झाल्यावर समोर वर्ग उरला नाही, तेव्हा त्यांनी हे धोरण आमच्यावर चालवलं. निदान आमची तशी समजूत होती.

तीन वाक्यं त्यांच्या तोंडी कायम असायची. काहीही विचारा, "सर्व पर्याय खुले आहेत." काही विचित्र करून झालं की, "संदेश पोचला?" आणि तिसरं, दार चार बोटं उघडून त्या फटीतून म्हणायचं: "आज सीमा बंद आहे."

हे तिसरं मी किती वेळा ऐकलं असेन. सर जिन्यात गाठून आग्रहाने सांगायचे, "उद्या चारला चहाला या, सिस्टर वाट बघतेय." सिस्टर म्हणजे त्यांच्या पत्नी, विमलताई. कोठी भागातल्या एका दवाखान्यात त्यांनी तीस वर्षं नर्स म्हणून नोकरी केली होती. आमच्या इमारतीतल्या निम्म्या पोरांना पहिलं इंजेक्शन त्यांनी दिलेलं, म्हणून लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणायचे. खुद्द सरही. तर मी चारला जावं, बेल वाजवावी, आणि फटीतून सरांचा अर्धा चष्मा दिसावा: "आज सीमा बंद आहे." मी चरफडत घरी. आणि दोन दिवसांनी मी दूध घेऊन वर चढतोय, तर हाताला धरून आत ओढायचे. येसराची आमटी, गरम भाकरी, समोर विमलताई हसत वाढताहेत, "घ्या की वसंतराव, लाजता काय!" असा तो कारभार. माझी बायको होती तोवर ती म्हणायची, "त्यांच्या घरी जायचं तर पंचांग बघून जावं लागतं."

कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला तर त्यांनी पार परेशान केलं होतं. एक दिवस चाळीस लिंबं घेणार, चार दिवस फक्त कोथिंबीर बघून जाणार. शेवटी तो लांबूनच ओरडायचा, "सर, पैले बोल देव, आज सीधा है क्या उल्टा?" सर गंभीरपणे उत्तर द्यायचे, "अभी तय नहीं हुआ, जहांगीरभाई."

एका दुपारी तिसऱ्या मजल्यावरच्या सगळ्या घरांबाहेरची पायताणं नाहीशी झाली. शोधाशोध झाली. ती निघाली सरांच्या दिवाणखान्यात, भिंतीशी ओळीने मांडलेली, टाचा आत, चवडे बाहेर, लग्नघरी मांडतात तशी. शेजारच्या लक्ष्मीअम्मा अनवाणी दारात उभ्या राहिल्या तर सर म्हणाले, "याला विश्वासवृद्धीचे उपाय म्हणतात. आता प्रत्येकाला आपली चप्पल न्यायला माझ्याकडे यावं लागेल, म्हणजे संवाद सुरू होईल." लक्ष्मीअम्मांनी संवाद केला, पण तेलुगूत आणि बराच वेळ. सरांनी तो मान खाली घालून ऐकला आणि शेवटी म्हणाले, "संदेश पोचला."

आणखी एकदा वरून भाताची पेज आली ती थेट मूर्तीगारूंच्या स्कूटरवर. मूर्तीगारू आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. स्कूटर ते रोज स्वतः पुसायचे. ते वर बघून ओरडले तेव्हा सर गॅलरीत आले आणि हात वर करून म्हणाले, "मैंने डाला."

"क्यूँ?"

"आपकी प्रतिक्रिया देखनी थी. अपेक्षेपेक्षा सौम्य आली. नोंद केली आहे."

आम्ही सगळे हसलो. मूर्तीगारूसुद्धा हसले, थोडे उशिरा.

त्याच संध्याकाळी बाकावर मी सरांना म्हटलं, "सर, एक दिवस अंगाशी येईल हे." ते वर्गात बोलावं तसं बोलले. "या धोरणात एक खोट आहे. शत्रू बिचकतो, पण मित्रही बिचकतो. म्हणून निदान एका मित्राला आतलं खरं माहीत असावं लागतं. जे देश एवढंही करत नाहीत ते अडचणीच्या वेळी एकटे पडतात."

"मग तुमचा तो मित्र कोण?" मी चेष्टेने विचारलं.

"सर्व पर्याय खुले आहेत," ते म्हणाले आणि उठले. लिफ्टमध्ये शिरून त्यांनी पाचवा दाबला.

आता जिन्यातली गोष्ट. त्या दिवशी लिफ्ट बंद होती. मी दुपारी चार-साडेचारला जिना चढत होतो. दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर दम खायला थांबलो. सरांचं दार सताड उघडं होतं, बहुधा हवेसाठी. तिथून घरातून आरपार गॅलरी दिसायची. गॅलरीत विमलताई पाठमोऱ्या उभ्या होत्या. कठड्यावर कोरफडीची कुंडी होती. एखाद्या लेकराच्या डोक्यावरून फिरवावा तसा त्या कोरफडीवरून हात फिरवत होत्या आणि म्हणत होत्या, "जा गं आता. घरी जा. तुझी आई वाट बघत असेल. सुट्टी झाली तुला, जा." आणि त्यांनी कुंडी हलकेच पुढे ढकलली.

खालून फुटल्याचा आवाज आला आणि वॉचमनच्या बायकोची किंकाळी. ती मिरच्या वाळत घालत होती. कुंडी तिच्यापासून हातभर लांब पडली.

स्वयंपाकघरातून सर धावत आले. मनगटापर्यंत हात पिठाने भरलेले. त्यांनी आधी विमलताईंना खांद्याला धरून मागे घेतलं, खुर्चीत बसवलं, आणि मग कठड्यावरून वाकून, ते पिठाचे हात हवेत धरून मोठ्याने ओरडले, "मी! मी टाकली!"

मी वळणावर उभा होतो. एका क्षणात मला सगळं कळलं. पेज कळली, चपला कळल्या. लग्नघरी पाहुणे आले म्हणून चपला कुणी मांडल्या होत्या ते कळलं. चार बोटं उघडणारं दार कळलं: ज्या दिवशी विमलताई माणसं ओळखायच्या त्या दिवशी आमटी-भाकरी, ज्या दिवशी ओळखायच्या नाहीत त्या दिवशी सीमा बंद. लिफ्टसुद्धा कळली. भलत्याच मजल्यावर उतरणाऱ्या माणसासोबत गप्पा मारत कुणी त्याच्या दारापर्यंत येत नाही. अनिश्चितता सरांची नव्हतीच. ती विमलताईंच्या आजाराची होती. सरांनी तिला फक्त आपलं नाव दिलं होतं. आधी स्वतः विक्षिप्त म्हणून नाव कमावलं आणि मग त्या नावाआड बायकोला लपवलं.

मी वर गेलो नाही. हळूच उतरून खाली आलो आणि जणू आत्ताच फाटकातून आलोय अशा चेहऱ्याने गर्दीत मिसळलो.

दुसऱ्या दिवशी खाली पार्किंगमध्ये सभा भरली. प्लास्टिकच्या खुर्च्या, मध्ये टेबल, टेबलावर सभावही, वहीसमोर मी. या वेळी कुणी हसत नव्हतं. मूर्तीगारू म्हणाले, "सर, थियरी-फियरी छोडो. सीधा बोलो. गमला किसने फेंका?"

"मैंने."

"जानबूझके?"

"हो. जाणूनबुजून."

"वो औरत मर जाती तो?"

मूर्तीगारूंनी सगळ्यांकडे बघत विचारलं, "किसी ने देखा क्या? किसी को कुछ बोलना है?"

सरांनी माझ्याकडे बघितलं. तसं त्यांनी माझ्याकडे पूर्वी कधी बघितलं नव्हतं. डोळ्यांत मिश्कीलपणा नव्हता, धोरण नव्हतं. मी मान खाली घातली आणि लिहायला लागलो. "श्री. सोनकांबळे यांनी जाणूनबुजून कुंडी फेकल्याचे मान्य केले. त्यांचे वागणे बेभरवशाचे असून रहिवाशांस त्यापासून धोका आहे. सबब घर रिकामे करून घेण्याविषयी घरमालकांस कळवावे. ठराव सर्वानुमते मंजूर." सर्वानुमते, म्हणजे त्यात मीही आलो.

सर भाडेकरू होते, बाकी आम्ही सगळे मालक. आणि आणखी एक लिहून टाकतो, कारण लिहायचंच ठरवलं आहे. अनेक वर्षांपूर्वी ते कुटुंब आमच्याकडे राहायला आलं तेव्हा त्यांचं आडनाव ऐकून दोन घरांत कुजबुज झाली होती. त्यातलं एक घर माझं होतं. पुढे त्यांच्या घरची भाकरी मी आवडीने खाल्ली, इंजेक्शनं घेतली, बाकावर शेजारी बसलो. मला वाटत होतं ती कुजबुज माझ्यातून गेली. सभेत मान खाली घालताना ती कुठेतरी होती. ती नव्हती असं मी शपथेवर सांगू शकत नाही.

सरांनी ठराव वाचला, सही केली आणि पेन परत देताना हळूच म्हणाले, "बेभरवशाचे नका लिहू, सेक्रेटरीसाहेब. अनिश्चित लिहा." मी बदललं नाही.

महिन्याभरात ते शहरातच, रामंतापूरला गेले. टेम्पो निघाला तेव्हा विमलताई पुढे बसल्या होत्या आणि लक्ष्मीअम्मांना विचारत होत्या, "दवाखान्यात कुणाला घेऊन चाललात?" लक्ष्मीअम्मांना वाटलं, गंमत करतात. सिस्टरची सवयच तशी, असं त्या मला म्हणाल्या.

मी त्यांच्याकडे गेलो तो दीड वर्षाने. पत्ता होता, बस होती, पायही चालत होते.

पहिल्या मजल्यावरचं लहानसं घर. दार पूर्ण उघडं. सर पांढरे, वाळलेले, पण मला बघून लगेच म्हणाले, "या. चार वाजून दोन मिनिटं. चहा चार वाजून पाचला."

आत भिंतीवर मोठ्या अक्षरांत तक्ता लावला होता. सहाला चहा, सातला अंघोळ, आठला रेडिओ, असं संध्याकाळपर्यंत. प्रत्येक दारावर कागद: न्हाणीघर, स्वयंपाकघर, कपाट. विमलताई त्यातल्या एका दारासमोर उभ्या होत्या. ते कपाटाचं होतं.

"नल्लकुंट्याच्या घरात बरं होतं," सर सांगायला लागले. तक्रारीच्या सुरात नाही. "तिथे तिच्या पायांना माहीत होतं. खाटेपासून सात पावलं, उजवीकडे मोरी. डोकं विसरलं तरी पाय चुकत नव्हते. इथे पाय नवे. रोज घर शोधते. कपाट उघडून आत उभी राहते आणि म्हणते, जिना कुठे गेला?"

"आणि हा तक्ता?"

"धोरण बदललं. आता एक मिनिट इकडचं तिकडे होऊ देत नाही. तिला माझा तरी अंदाज यायला पाहिजे की नाही?"

पाठ करून आणलेलं मी तेव्हा बोललो. "सर, त्या दिवशी मी जिन्यात होतो."

"माहीत आहे."

"कसं?" मी विचारलं.

"तुमची चप्पल. टाच सुटलेली होती, चढताना फटफट वाजायची. ती वळणापर्यंत आली आणि थांबली. मग कुंडी गेली. मग चप्पल खाली गेली, न वाजता. हातात घेतली होती ना?"

घेतली होती. हे मी स्वतःही विसरलो होतो.

"मग तुम्हीच का नाही सांगितलंत सर, सभेत? एवढं सांगितलं असतं तर कुणी घर सोडायला लावलं नसतं. सिस्टरचे उपकार होते सगळ्यांवर."

"तिने शपथ घातली होती. नर्स ती. आजाराचं नाव कळलं त्याच दिवशी तिला पुढचं सगळं दिसलं. म्हणाली, ज्यांना मी सुया टोचल्या त्यांनी मला वेडी म्हणायचं नाही. म्हटलं, ठीक आहे, मला म्हणतील. मी बोलू शकत नव्हतो. पण तुम्हाला तिने शपथ घातली नव्हती. आयुष्यभर मुलांना शिकवलं की कुणाचाही अंदाज बांधून चालू नका. मी एकच बांधला होता, वसंतराव. तुम्ही बोलाल असा."

इतक्या वर्षांत त्यांनी मला पहिल्यांदा नावाने हाक मारली होती.

मी म्हटलं, "तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मला वाटलं, गप्प राहा म्हणून खुणावताय."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "असं झालं होय? म्हणजे संदेश पोचलाच नाही. बघा, हीच या धोरणाची खोट. इतकी वर्षं उलटसुलट वागणाऱ्या माणसाने एकदा सरळ बघितलं तर समोरच्याने ओळखावं तरी कसं? दोष धोरणाचा. तुमचा नाही."

मला सोडवण्यासाठी त्यांनी आपलं आयुष्यभराचं शास्त्र मोडीत काढलं. आणि मी ती सुटका घेतली. "हो ना," असं काहीतरी म्हणालो. तीही नोंद इथे दुरुस्त करतो: संदेश पोचला होता. जिन्यात पोचला होता आणि सभेतही पोचला होता.

तेवढ्यात सरांनी चहा आणला. विमलताईंच्या हातात स्टीलचा पेला देऊन ते खुर्चीत टेकले. त्या तो घेऊन खिडकीशी गेल्या, जाळीच्या गजांतून हात बाहेर काढला आणि पेला उलटा केला. खालच्या अंगणात साडीवर कुणीतरी वडियालू, म्हणजे तांदळाच्या सांडग्यांसारखे असतात ते, वाळत घातले होते. खालून आवाज चढला. "एवरु? कौन फेंका जी? रोज का है क्या ये?"

सर उठायला लागले. खुर्चीच्या हातावर भार दिला, अर्धे उठले, गुडघ्याने साथ दिली नाही, पुन्हा टेकले. ओठ मात्र हलले होते: मी.

मी खिडकीपाशी पोचलो. खाली कमरेवर हात ठेवून एक बाई वर बघत होत्या.

"मैं," मी म्हणालो. आवाज नीट आला नाही म्हणून पुन्हा म्हणालो, "मैं फेंका, अम्मा. मेरे हाथ से गिरा. माफ करना."

"आप कौन? इत्ते बुड्ढे होके?"

मी वाकून नुसते हात जोडले. मागून सरांचा आवाज आला, वर्गात अडलेल्या मुलाला हळूच सांगावं तसा. "प्रतिक्रिया सौम्य आहे. नोंद करा."

मग माझी बोटं जाळीच्या गजांना गच्च धरून राहिली. विमलताईंनी ती एकेक करून सोडवली. माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, ओळख दिली नाही. पण हात उलटा-सुलटा करून बघितला. "कुठं भाजलं?" मग मनगटावर दोन बोटं ठेवून, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत, ओठ न हलवता त्या मोजत राहिल्या. पूर्ण एक मिनिट.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या आणि माझा हात खाली ठेवला. "उद्या परत दाखवा."

मी दाराशी जाऊन चपला घातल्या. विचारू की नको असं करत शेवटी विचारलं, "सर, उद्या किती वाजता येऊ?"

"चारला."

"सीमा?"

सरांनी तक्त्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. तसंच, सभेत बघितलं होतं तसं.

"उघडी असेल," ते म्हणाले. "गृहीत धरा."